मंगळवारी एक खोके येईल

पुणे

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे सगळे फोनवर सांगितले असते तर बाबांनी दुसऱ्याच वाक्याला 'बरं, बघू' म्हणत फोन आईकडे दिला असता आणि आईने 'जेवलीस का' असे विचारून विषय संपवला असता, म्हणून लिहून पाठवते आहे. येत्या मंगळवारी घरी एक मोठे खोके येईल. त्यात दोन उश्या आहेत, एक बाबांसाठी आणि एक आईसाठी. पैसे भरलेले आहेत, तेव्हा दारातूनच परत पाठवू नका. तुम्हाला न विचारता हे केले याचा राग येईल हे मला ठाऊक आहे; पण विचारले असते तर उत्तर काय आले असते, तेही मला ठाऊक होते.

मला स्वस्थ बसवेना याचे कारण गौरीजेवणाचा दिवस. मी स्वयंपाकघरातून हाक मारली आणि बाबा, तुम्ही नुसती मान वळवून बघण्याऐवजी खांद्यांसकट सगळे अंग वळवलेत, आणि आम्हाला कळू नये म्हणून हसलात. मार्चपासून तुम्ही फोनवर उजव्या अंगठ्याला मुंग्या येतात असे सांगत होतात आणि मी दर वेळी 'झोपेत अवघडली असेल मान' असे म्हणून तुम्हाला वाटेला लावत होते. दादाने तुम्हाला डॉक्टरांकडे नेले, मी नेले नाही. त्याची भरपाई मी उशीने करते आहे असे आई म्हणेल, आणि ते अगदीच खोटे नाही.

रिपोर्ट वाचल्यावर बाबा दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत असे आईकडून कळले, म्हणून आधी त्या कागदाविषयी लिहिते. 'डिजनरेटिव्ह' हा शब्द वाचायला भयंकर वाटतो, पण त्याचा साधा अर्थ झीज एवढाच आहे. आपल्या आळीत सगळे ज्याला स्पॉन्डिलायटिस म्हणतात, त्याचे रिपोर्टावरचे नाव स्पॉन्डिलोसिस आहे. पहिल्या शब्दाच्या शेवटी 'आयटिस' म्हणजे दाह आहे आणि दुसऱ्यात तो नाही, हा फरक तुमच्यासारख्या मास्तरांना आवडेल म्हणून सांगितला. माणसाच्या मानेत मणके सात आणि जिराफाच्या मानेतही सातच, हे तुम्ही सहावीच्या वर्गात सांगितलेत तेव्हा मला ते घरी आधीच ठाऊक झालेले होते, तरी मी सगळ्यांबरोबर आश्चर्य वाटल्याचे सोंग केले होते.

या सातांपैकी वरचे दोन सोडले तर प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक चकती असते, बाहेरून चिवट वेढे आणि आत पाणीदार गर अशी. तरुणपणी तो गर ताज्या रातांब्यासारखा रसरशीत असतो आणि वयाबरोबर त्याचे आमसूल होत जाते. चकती बसकी झाली की मणके जवळ येतात, मागचे लहान सांधे एकमेकांवर घासू लागतात आणि शरीर त्या जागेला आधार द्यावा म्हणून हाडाच्या कडा वाढवू लागते. 'ऑस्टिओफाइट' म्हणून लिहिले आहे ते हेच, गाठ किंवा आणखी काही नव्हे. तुमची झीज पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमध्ये आहे, जिथे ती बहुतेकांची असते, कारण मान खाली-वर करताना सर्वांत जास्त काम याच भागाला पडते. तिथून निघणारी नस दंडावरून अंगठ्यापर्यंत जाते, म्हणून मूळ मानेत आणि मुंग्या अंगठ्यात. मी ते फोटो इथल्या अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवले, तेव्हा ते म्हणाले की साठीच्या पुढच्या बहुतेकांच्या एक्स-रेत अशी झीज दिसते आणि त्यांतल्या पुष्कळांची मान कधी दुखतही नाही. त्यामुळे आता फोटोकडे कमी बघायचे आणि तुम्हाला काय होते आहे याकडे जास्त.

आता उशीकडे येते, म्हणजे ज्यासाठी तुम्ही माझ्यावर रुसणार आहात तिच्याकडे. आजीची सावरीच्या कापसाची उशी मी टाकायला सांगत नाही, हे आधी वाचा आणि मग पुढचे. शिमग्यानंतर बोंडे फुटली की आजी पदर पसरून सावरीखाली बसायची आणि कापूस उडून माझ्या केसांत अडकायचा, हे मी विसरलेले नाही. 2021 च्या जुलैत वाशिष्ठीचे पाणी ओटीवर चढले तेव्हा बाबांनी घराच्या कागदांच्याही आधी ती उशी माळ्यावर टाकली होती, हेही विसरलेले नाही. पण सावरीचा धागा मऊ असला तरी ठिसूळ असतो, वर्षानुवर्षे डोक्याखाली दबून त्याची उभारी जाते. गणपतीत मी ती दाबून पाहिली, तर माझी दोनच बोटे मावतील एवढी जाडी उरली आहे. तुम्ही उजव्या कुशीवर झोपता. उशी एवढी बसकी असली की डोके उजवीकडे कलते आणि नस बाहेर पडते ती उजवीकडची वाट आणखी अरुंद होते. पहाटे तीनला तुम्ही उठून हात झटकत बसता त्याचे कारण बहुधा हेच असावे. मग तुम्ही दोन उश्या एकावर एक घेता आणि उताणे झाल्यावर हनुवटी छातीकडे ढकलली जाते. म्हणजे एका चुकीवर दुसरी.

कोणतीही उशी झीज भरून काढत नाही, आणि तशी जाहिरात करणाऱ्या उश्या मी मुद्दाम बाजूला ठेवल्या. उशीने एवढेच करायचे की झोपेत मान पाठीच्या रेषेत राहावी. पण 'एवढेच' लहान नाही. या चकत्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो; दिवसभर साडेचार-पाच किलोच्या डोक्याच्या भाराखाली त्यांतले पाणी पिळून निघते आणि रात्री आडवे झाल्यावर त्या ते पुन्हा शोषून घेतात. सगळ्या कण्यातल्या चकत्या मिळून सकाळी माणूस रात्रीपेक्षा सुमारे एक सेंटीमीटर उंच भरतो तो यामुळेच. विसाव्याचे ते सहा-सात तास मान वाकडी ठेवून घालवू नयेत, इतकाच माझा हट्ट आहे.

एक कबुली द्यायची राहिली. गणपतीत मी शिंप्याची टेप घेऊन 'स्वेटर विणायला घेते' असे सांगत तुमच्या खांद्यांची मापे घेतली, ते स्वेटरसाठी नव्हते. कुशीवर झोपल्यावर खांद्याचे टोक आणि मान यांच्यामध्ये जेवढी पोकळी राहते, तेवढी उशीने भरायला हवी. बाबांचे खांदे रुंद आहेत आणि तुमची काथ्याची गादी कडक असल्याने खांदा तिच्यात रुतत नाही, म्हणून बाबांची उशी पाच इंचांची आणि आईची चार इंचांची घेतली आहे. दोन्ही उश्यांना एका कडेला जाड उंचवटा आणि दुसऱ्या कडेला कमी उंचीचा उंचवटा आहे, मध्ये डोक्यासाठी खोलगट जागा. कुशीवर जाड बाजू मानेखाली, उताणे असताना पातळ बाजू. उशी मानेखाली घ्यायची, खांद्याखाली नाही. खांदे गादीवरच राहिले पाहिजेत. आणि पालथे झोपणे आता बंद, दुपारचेसुद्धा, कारण पालथे झोपल्यावर श्वासासाठी मान तासन्‌तास एका बाजूला पिरगाळून ठेवावी लागते.

मेमरी फोम सगळीकडे मिळतो आणि इथे माझ्या मैत्रिणी त्याचेच गुण गातात, पण तो उष्णतेने मऊ पडतो आणि अंगाची ऊब धरून ठेवतो. चिपळूणच्या मे महिन्यात पंखा फुल असूनही बाबांना घाम फुटतो, तिथे तो मला पटला नाही. म्हणून लेटेक्सची घेतली, रबराच्या चिकापासून केलेली, आरपार बारीक भोके असलेली. दाबली की लगेच उभी राहते. आई, ही उशी उन्हात टाकायची नाही. तू दर रविवारी सगळी अंथरुणे गच्चीवर घालतेस हे मला माहीत आहे, पण लेटेक्स उन्हाने तडकते. सावलीत वाऱ्याला ठेव. पहिले दोन दिवस रबराचा वास येईल, तोपर्यंत माजघरात उघडी ठेव. उशी स्वतः धुवायची नाही, फक्त अभ्रा धुवायचा. आमच्या वॉशिंग मशीनचे तुझ्याकडून जे झाले तसे हिचे होऊ नये, एवढीच विनंती.

पहिल्या रात्री बाबा म्हणतील की ही उशी नसून दगड आहे. आठवडा-दोन आठवडे असे वाटेलच, कारण मान इतकी वर्षे चुकीच्या जागेला सरावली आहे. आधी दुपारच्या झोपेला घ्या, मग रात्री. पंधरा दिवसांनंतरही बरे वाटले नाही किंवा मुंग्या वाढल्या तर मला सांगा, मी बदलून घेईन आणि 'मी म्हणालो नव्हतो का' हे वाक्यही निमूट ऐकून घेईन. खोके येईपर्यंत एक पंचा घट्ट गुंडाळून अभ्र्यात मानेच्या कडेला सरकवा, तोही बऱ्यापैकी आधार देतो.

आजीची उशी आता गुडघ्यांखाली घ्यायची. उताणे झोपताना गुडघ्यांखाली काही असले की कंबरेवरचा ताण कमी होतो, आणि ती उशी तुमच्या अंथरुणातच राहील. हे मला परवा रात्री सुचले आणि मग मला झोप लागली.

आता थोडी दादागिरी करते, लहानपणी तुम्ही माझ्यावर केलीत त्याच्या निम्मीसुद्धा नाही. बाबा, औषधाच्या दुकानातून आणलेला तो पट्टा दिवसभर घालू नका. दुखणे फार असेल तेव्हा थोडे दिवस ठीक, एरवी मानेचे स्नायू आळशी होतात. सलूनमध्ये मालिश झाल्यावर मान कटकन मोडून घ्यायची तुमची सवय आजपासून बंद. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या याच मणक्यांमधून वर जातात आणि अशा झटक्याने त्यांना इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे आहेत. कट्ट्यावरच्या मित्राने दिलेल्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. तुमची रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि या गोळ्या मूत्रपिंडांवर नि पोटावर बसतात. मान गोल गोल फिरवण्याचा तो जुना व्यायामही नको. त्याऐवजी तळहात कपाळावर ठेवायचा, डोक्याने हाताला रेटायचे आणि हाताने डोके हलू द्यायचे नाही, पाच आकडे मोजेपर्यंत. मग तसेच दोन्ही बाजूंनी आणि मागून. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहाला फिजिओथेरपिस्ट घरी येतील, दादाने त्यांच्याशी बोलून ठेवले आहे. ही दुसरी गोष्ट आहे जी तुम्हाला न विचारता ठरवली. त्यांना चहा द्या, पण व्यायामाच्या आधी गप्पांत गुंतवू नका. पेपर आडवे पडून छातीवर धरून वाचायचा नाही. खुर्चीत बसून, मांडीवर लोड घेऊन त्यावर तिरका धरायचा.

आई, तुझी मान दुखत नाही असे तू म्हणतेस, ते मी निम्मे धरते. तांदूळ निवडायला सूप मांडीवर घेऊन तासभर वाकून बसू नकोस, टेबलावर घे. विळी सोड असे मी म्हणणार नाही, कारण मागच्या वेळी म्हटले तेव्हा काय झाले ते आठवते, पण नारळ तरी बाईंकडून खोवून घे.

आणि तुझ्यावर एक काम सोपवते, कारण बाबा स्वतःहून सांगणार नाहीत. शर्टाची बटणे लावायला त्यांना वेळ लागू लागला, किल्ली किंवा पेन हातातून निसटू लागले, चालताना तोल जाऊ लागला, पायातली चप्पल नकळत निघू लागली किंवा लघवीवरचा ताबा बिघडला, तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे. तो नसेचा नव्हे, मज्जारज्जूवरच्या दाबाचा प्रश्न असू शकतो. आत्ता यातले काहीच नाही, हे डॉक्टरांनी तपासून सांगितले आहे, म्हणून रात्री जागून त्यांच्या हातांकडे बघत बसू नकोस. मात्र डावा हात दुखला आणि छातीत दडपले किंवा दरदरून घाम आला, तर ते मानेच्या माथी मारायचे नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

ताप आला की मी बाबांच्या दंडावर डोके ठेवून झोपायचे आणि तुमच्या हाताला मुंग्या आल्या तरी तुम्ही तो काढून घ्यायचा नाहीत, असे आई सांगते. तेव्हाची मुळीच आठवण नाही मला, पण हल्ली त्याच हाताचा विचार सारखा येतो.

दिवाळीला मी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी पोहोचेन. नव्या उश्यांचे अभ्रे मी इथेच सुती कापडाचे शिवायला टाकले आहेत, बाबांचा निळा, आईचा तिला हवा तसा फुलाफुलांचा. आजीच्या उशीलाही नवा शिवून घेते, तेवढे तिचे माप आई, उद्या फोनवर सांग. टेप शिवणाच्या डब्यात खालच्या कप्प्यात आहे, मीच ठेवली होती.

तुमची,
धाकटी