संशोधकाला की-वर्ड कोण शिकवणार?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय उच्चशिक्षण संस्थांना खुली करण्यासाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपयांची तरतूद केली. महाविद्यालयांना ई-नियतकालिके व ई-पुस्तके पुरवणारी 'एन-लिस्ट' योजना आधीपासून आहेच, आणि 'शोधगंगा' या संकेतस्थळावर देशभरातील पीएच.डी.चे प्रबंध कोणालाही विनामूल्य वाचता येतात. तरीही सांगली-साताऱ्यातील संशोधक विद्यार्थी 'माझ्या विषयावर काहीच मिळत नाही' असे सांगत ग्रंथपालाकडे येतात. बहुतेक वेळा उणीव साहित्याची नसते, शोधण्याच्या पद्धतीची असते.

आपल्याच भागातील प्रतिसरकारचा, म्हणजे ब्रिटिश राजवटीला समांतर चालवलेल्या सरकारचा, विषय घ्या. सांगली जिल्ह्यातील चळवळ म्हणून विद्यार्थी 'सांगली' आणि '१९४२' हे शब्द टाकतो. परंतु वाळवा, तासगाव, खानापूर हा टापू त्या काळी सातारा जिल्ह्यात होता. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. त्यामुळे 'सांगली' या शब्दाने सांगली संस्थानाचे कागद हाती लागतील, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या चळवळीचे फारसे काही लागणार नाही. शोध 'सातारा'पासून सुरू करायला हवा. प्रतिसरकार, पत्री सरकार आणि इंग्रजी लेखनात येणारे 'पॅरलल गव्हर्न्मेंट' हे पर्याय 'ऑर'ने (यांपैकी कोणताही चालेल) जोडून एका कंसात ठेवावेत, तो कंस 'अँड'ने (दोन्ही हवेत) साताऱ्याला जोडावा आणि एकाहून अधिक शब्दांचे पर्याय अवतरणचिन्हांत लिहावेत. 'नॉट' (हा शब्द नको) मात्र फार जपून वापरावा, कारण नको असलेल्या लेखांबरोबर हवे असलेलेही त्याने गळतात. एक जरी उपयुक्त लेख सापडला, तरी त्याखालचे विषयशीर्षक, लेखकाने दिलेले की-वर्ड (विषय सांगणारे शोधशब्द) आणि शेवटची संदर्भसूची पाहून नव्या शब्दांनी पुन्हा शोध घ्यावा. खरे संशोधन या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच पुढे सरकते, आणि नेमकी तीच फेरी आपल्याकडे कोणी करवून घेत नाही.

मराठी साहित्याबाबत आणखी एक अडचण आहे. युनिकोड ही सर्व लिप्यांची समान संगणकीय पद्धत रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेला प्रबंध पडद्यावर स्वच्छ मराठीत दिसतो, पण संगणकाच्या लेखी तो मजकूर भलत्याच अक्षरांचा असतो. नुसती स्कॅन केलेली पाने तर चित्रेच ठरतात. अशा प्रबंधात देवनागरी शब्द कितीही अचूक टाकला तरी उत्तर शून्यच येते. म्हणून शून्य आले की विषय अस्पर्शित आहे असे मानू नये. शीर्षक रोमन लिपीत टाकून पाहावे, ऱ्हस्व-दीर्घ बदलून पाहावे आणि विद्यापीठ व विभागनिहाय यादी डोळ्यांखालून घालावी. 'या विषयावर यापूर्वी संशोधन झालेले नाही' हे प्रस्तावनेतील ठरावीक वाक्य लिहिण्याचा अधिकार एवढे केल्यानंतरच मिळतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

पीएच.डी.च्या कोर्सवर्कमधील 'संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता' या दोन श्रेयांकांच्या अभ्यासक्रमात डेटाबेसचा, म्हणजे संशोधनलेखांच्या संगणकीय संग्रहांचा, घटक आहे. पण त्याचा भर सायटेशन डेटाबेस (कोणी कोणाचा संदर्भ दिला याची नोंद), इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकाच्या प्रभावाचे माप) आणि एच-इंडेक्स (संशोधकाच्या प्रभावाचे माप) यांवर आहे. लेख कोठे छापावा हे त्यातून कळते, लेख कसा शोधावा हे राहून जाते.

शिवाजी विद्यापीठाने आणि त्याच्या कक्षेतील महाविद्यालयांनी याबाबत दोन गोष्टी कराव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. विषयनोंदणीच्या अर्जासोबत विद्यार्थ्याने कोणत्या डेटाबेसमध्ये, कोणत्या तारखेला, कोणते शब्द टाकले आणि काय मिळाले याची नोंद जोडावी व ती ग्रंथपालाने तपासावी. तसेच प्रबंध सादर करताना त्याचे की-वर्ड देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिप्यांत, गाव-जिल्ह्यांच्या जुन्या नावांसह घ्यावेत, म्हणजे आज होणारे काम उद्याच्या विद्यार्थ्याला सापडेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल, विश्रामबाग, सांगली