सातव्या माळेला मी कुठे होते

दांडिया बाजार, वडोदरा
दसरा, २४ ऑक्टोबर २०२३

तीर्थरूप आई आणि बाबांना,
साष्टांग नमस्कार.

सकाळीच फोनवर बोललो, तरी पत्र लिहायला बसले आहे. जे सांगायचं ते फोनवर तीनदा ओठाशी आलं आणि परत गेलं. आपट्याचं पान पाकिटात ठेवते, ते दादाच्या देवघरात ठेवा. इथे पहाटेपासून फाफडा-जलेबीच्या रांगा लागल्यात. दर दसऱ्याला आणतो तेवढीच आणली, मग लक्षात आलं की घरात मी एकटीच. अर्धी शेजारच्या काकूंना नेऊन दिली.

आई, सातव्या माळेच्या रात्री आरती आटोपून तू फोन केलास, तेव्हा मी अहमदाबादला शिबिरात नव्हते. अबू धाबीला होते. मागचा गोंगाट ऐकून तू विचारलंस आणि मी म्हणाले, गरबा चाललाय. देवीच्या दिवसांत देवीच्याच नावावर खोटं बोलले. ते तेव्हापासून घशाशी अडकलंय. तो गोंगाट एतिहाद अरेनातला होता. तिथे त्या रात्री यूएफसीच्या, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणाऱ्या, लढती होत्या आणि मी त्या बघायला गेले होते. दोन वर्षांचे भिशीचे पैसे त्यासाठी बाजूला ठेवले होते. जाताना सांगितलं असतं, तर तू नाही म्हणाली नसतीस. पण तीन रात्री झोपली नसतीस.

मी हे टीव्हीवर बघते हे तुम्हाला माहीत आहे. बाबा, तुम्ही खोलीतून उठून जाता. आई, तू एकदा म्हणालीस, दिवसभर दवाखान्यात लोकांचे मोडलेले सांधे हलते करतेस आणि रात्री माणसांनी एकमेकांना मोडलेलं बघतेस, हे कसं जमतं तुला? त्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. आज देते.

तुला वाटतं तसा तो बेबंद मार नाही, आई. आठ बाजूंचं जाळीचं कुंपण, आत साधारण नऊ मीटरची जागा. पाच मिनिटांचा एक राउंड, असे तीन. अजिंक्यपदाची लढत असेल तर पाच. मध्ये एकेक मिनिट विश्रांती. हातमोजे चार औंसांचे, म्हणजे सव्वाशे ग्रॅमसुद्धा नाहीत, आणि बोटं उघडी, कारण मारायचं तसं धरायचंही असतं. डोळ्यात बोट घालायचं नाही, मानेच्या मागे मारायचं नाही, एकेक बोट धरून पिरगळायचं नाही. आणि हरणाऱ्याच्या हातात शेवटपर्यंत एक गोष्ट असते. प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किंवा जमिनीवर हाताने थापटलं की लढत तिथेच थांबते. बोलताही येत नसेल इतका गळा आवळला गेलेला असतो, तेव्हाही थापटता येतं.

त्या रात्री सईद नुरमागोमेदोव नावाच्या पोराने सव्वा मिनिटाच्या आतच प्रतिस्पर्ध्याची मान काखेत धरून आवळली. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या दाबल्या की मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस काही सेकंदांत शुद्ध हरपतो. म्हणून समोरच्याने थापटलं. पुढच्या क्षणी हात सुटला. टीव्हीवर मला तो आवळण्याचा क्षण दिसायचा. तिथे बसून सुटण्याचा दिसला. इतक्या रागाने धरलेला हात इतक्या चटकन सुटतो, हे बघून माझ्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या एका लढतीत अंकालाएवने खाली टेकलेल्या जॉनी वॉकरच्या डोक्याला गुडघा मारला. खाली टेकलेल्याला तसं मारायला बंदी आहे. डॉक्टर आत गेले, वॉकरला काही प्रश्न विचारले आणि लढत रद्द केली. वॉकर उभा होता, लढायचं म्हणत होता, चिडून पुढे जात होता. प्रेक्षक ओरडत होते. निकाल मात्र डॉक्टरांचा. मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला.

डोक्याला बसणारा मार खोटा आहे असं मी म्हणणार नाही. बेशुद्ध पडलेल्या खेळाडूला पुढे काही आठवडे सरावातही मार घ्यायची मनाई असते, पण तेवढ्याने सगळं भरून येतं असं नाही. या पेशात राहून मला ते दिसतं. मी कुणाच्या मुलाला या खेळात जा म्हणणार नाही. पण जो गेलाय त्याला मी बघणार, आणि तो बरोबर काय करतोय ते समजून बघणार. बघायला तुम्हीच शिकवलंय, बाबा.

लहानपणी कमाटीबागेतल्या म्युझियमला नेऊन तुम्ही मला गामा पहिलवानाचा दगड दाखवलात. १९०२ साली तो बडोद्याला आला तेव्हा त्याने हा उचलला, बाराशे किलोचा म्हणतात, असं सांगितलंत आणि वर म्हणालात, उचलला त्यापेक्षा कुठून धरला असेल ते बघ. मी सात-आठ वर्षांची असेन. त्या दगडाला धरायला जागाच नाही, हे तेव्हा कळलं. तेव्हापासून माणूस काही करत असला की त्याने धरलंय कुठून, ते मी आधी बघते. दवाखान्यातही.

आणि आपल्या गावाने याहून कितीतरी भयंकर बघितलंय. खंडेराव महाराजांच्या काळात, १८६० नंतरच्या दशकात, लुई रूसले नावाचा फ्रेंच प्रवासी इथे राहून गेला. त्याने लिहून ठेवलंय की मल्ल मुठीत शिंगाची नखं बांधून लढायचे, रक्ताने माखायचे, आणि महाराज स्वतः समोर बसून बघायचे. पुढे याच गावात जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रोफेसर माणिकरावांनी व्यायामाला शिस्त दिली, मोडलेली हाडं बसवली. योगाभ्यासक स्वामी कुवलयानंद त्यांच्याच हाताखाली तयार झाले. नखांकडून हाडं बसवण्याकडे एकच गाव आलं. मी फिजिओथेरपीला गेले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, ही माणिकरावांच्या वाटेने चालली. त्या एका वाक्यावर मी चार वर्षं अभ्यास केला. मी नखांच्या बाजूला गेलेली नाही, बाबा, एवढं मनात ठेवा.

आता अरेनातलं. तिथे अठराएक हजार माणसं मावतात. निम्म्याहून जास्त रशियातल्या दागेस्तानची असावीत, असं मला वाटलं. इस्लाम मखाचेव तिथला. हलक्या वजनाचा अजिंक्यवीर, सत्तर किलोचा गट. त्याच्यासमोर यायचा होता दुसराच, पण सरावात त्याची भुवई फाटली आणि अलेक्झांडर वोल्कानोव्स्की आला. दोन आठवडेही हाती नव्हते. तो त्याच्याहून खालच्या गटाचा विजेता. फेब्रुवारीत या दोघांची पाच राउंड लढत झाली होती आणि वोल्कानोव्स्की थोडक्यात हरला होता. या वेळी तीनेक मिनिटांत संपलं. मखाचेवचा डावा पाय डोक्यावर बसला.

बाबा, हे तुम्हाला नीट सांगायचं आहे. मखाचेवचं खरं बळ कुस्तीत. समोरच्याला सतत धास्ती असते की हा आता पट काढणार, पाय धरून पाडणार. म्हणून लक्ष खाली, हात खाली यायला तयार. त्याच धास्तीच्या वरून पाय गेला. तालमीत तुम्ही ‘हूल’ म्हणायचात ना, तीच ही. पट न काढताच पटाने मारला. माझ्या शेजारी कुणी मराठी माणूस नव्हता, नाहीतर मी त्याचा हात धरून हे सांगितलं असतं.

पुढच्या रांगेत एक आजोबा होते, नातवाबरोबर आलेले. लोकरीची टोपी, पांढरी दाढी. पहिल्या लढतीच्या वेळी त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मला त्यांचा उजवा कान दिसला. तुमचाच कान. पाकळ्या मिटून गोळा झालेला. रगडून रगडून कातडी आणि कूर्चेच्या मध्ये रक्त साकळतं, वेळेवर काढलं नाही तर ते तसंच घट्ट होऊन बसतं, हे मी कॉलेजात शिकले. पण त्याआधी कितीतरी वर्षं मला तो कान माहीत होता. सूरसागरला विसर्जन बघायला तुम्ही मला खांद्यावर घ्यायचात आणि पडू नये म्हणून मी तोच धरायचे, कारण तो हातात पक्का बसायचा. आई ओरडायची, दुखत असेल त्यांना. तुम्ही म्हणायचात, धर.

रात्रभर मी लढतीइतकीच त्या कानाकडे बघत होते.

अंशुल जुबलीची लढत बरीच आधी झाली. तो आपला, उत्तराखंडचा. सात लढती, सातही जिंकलेला. याच फेब्रुवारीत इंडोनेशियाच्या जेका सारागीहला दुसऱ्या राउंडला हरवून त्याने यूएफसीचा करार मिळवला. त्याच्याआधी २०१७ साली शांघायमध्ये आपला भरत खंडारे उतरला होता, तो पहिला भारतीय. पहिल्याच राउंडला त्याची मान अडकली. म्हणून या पोरावर सगळ्यांची आशा होती. आमच्या बाजूला तिरंगा घेतलेली दहा-बारा केरळची मुलं होती. त्यांच्याबरोबर मीही उभी राहून ओरडले. आवाज आजही बसलेला आहे. तू सकाळी विचारलंस ना, सर्दी झाली का.

दोन राउंड तो पुढे होता. समोर अमेरिकेचा माइक ब्रीडन, मार खातोय आणि खुणा करतोय की तुझ्या ठोशात दम नाही. जुबली शांत होता. मला वाटलं, आता पाच मिनिटं काढली की झालं. आणि मग त्याचा श्वास दिसायला लागला. लांबूनही दिसतो. खांदे वर-खाली होतात, हात डोक्यापर्यंत उशिरा येतात. तिसऱ्या राउंडची तीन मिनिटं होत आली, तोच ब्रीडनचा उजवा हात बसला आणि जुबली खाली गेला. पंच धावत मध्ये पडले.

केरळची मुलं गप्प बसली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पुढचे आजोबा वळले, माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलले. त्यांची भाषा मला येत नव्हती. त्यांनी आपल्या छातीवर हात ठेवला आणि परत समोर वळले.

बाबा, तुमच्या शेवटच्या कुस्तीचं मला काकांनी सांगितलं होतं. तुम्हाला माहीत नाही. जत्रेचं मैदान, पंधरा मिनिटं तुमच्याच हातात होती कुस्ती, आणि सरतेशेवटी ढाकेच्या डावावर चीत झालात. त्यानंतर तुम्ही लंगोट बांधला नाहीत, असं काका म्हणाले. आईचं तेव्हा नुकतंच लग्न होऊन ती या घरात आली होती. मी इतकी वर्षं समजत होते की तुम्हाला हरल्याची लाज वाटली म्हणून सोडली. टीव्हीवर लढत लागली की उठून जाता तेही त्याचमुळे. जुबली खाली पडला आणि उठल्यावर गुडघ्यावर हात ठेवून उभा राहिला, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, कदाचित तसं नसेल. कदाचित दुसऱ्याचा श्वास जाताना दिसतो आणि तो तुम्हाला बघवत नाही. यातलं काय खरं, मला माहीत नाही. म्हणून विचारते आहे. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

आई, पुन्हा कधी गेले तर सांगून जाईन. तू देवापुढे दिवा लाव आणि परतल्याचा फोन येईपर्यंत जाग. ते मला चालेल, खोटं बोललेलं चालत नाही असं आता कळलं. पासपोर्टवरचा शिक्का दाखवायला आणते.

शनिवारी सकाळच्या गाडीने निघते, कोजागरीला तिथे असेन. यंदा त्या रात्री ग्रहण आहे, तेव्हा दुधाचं तू काय ठरवलंस ते कळव, म्हणजे केशर आणायचं की नाही ते बघते. दादाच्या मुलांसाठी लीलो चिवडो आणते. बाबा, गुडघ्याचे व्यायाम दिवसातून तीनदा, खुर्चीवर बसून पाय सरळ करून दहा मोजायचे. पाचवर सोडता हे दादाने सांगितलंय.

आणि लॅपटॉप आणते. जुबलीचे पहिले दोन राउंड लावते, तुम्ही शेजारी बसा. त्याने कुठे धरायला हवं होतं ते मला सांगा. तिसरा लावायचा की नाही, ते तुम्ही म्हणाल तसं.

तुमची,
वैशाली