इशाऱ्याचा फोटो नको, मजकूर द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोयाबीन कापून वावरात गंज्या लागल्या की आमच्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पावसाच्या इशाऱ्यांचा पूर येतो. बहुतेक वेळा ते सरकारी पत्राचे फोटो असतात. तारीख कापली गेलेली, आणि ‘पुढील तीन तास’ म्हणजे कधीपासूनचे ते कळत नाही. गेल्या हंगामातला रेड अलर्टही ताज्या दमाने फिरतो. गंजीवर ताडपत्री टाकायची की मळणीयंत्र बोलवायचे, हे यावरून ठरवायचे कसे?

यावरचा उपाय २००४ पासून तयार आहे. कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल, म्हणजे ‘कॅप’, ही इशारे लिहिण्याची खुली पद्धत. कोणीही फुकट वापरावी. इशारा कधी लागू, कधी संपणार, किती तीव्र, किती खात्रीचा, नकाशावर नेमका कोणता पट्टा आणि लोकांनी काय करायचे, याचे रकाने त्यात ठरलेले आहेत. इशारा मागे घेतला तर आधीच्या संदेशाचा हवाला देऊन तसा संदेश निघतो. एकाच इशाऱ्यात अनेक भाषा बसतात. मेळघाटासाठी कोरकूही घालता येईल.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ हे इशारे देणारे पोर्टल याच पद्धतीवर चालते. अडते ते खाली. गावापर्यंत येता येता त्याच इशाऱ्याचा पुन्हा फोटो होतो. तालुक्यापर्यंत तो मूळ रूपातच आला, तर ग्रामपंचायतीचा भोंगा त्याला जोडता येईल. कॉलेजातली पोरे तेवढा प्रोग्राम सहज लिहितील. कापूस वेचणाऱ्या बाईच्या हातात स्मार्टफोन नसतो, पण गावाजवळच्या वावरात भोंगा ऐकू येतो.

दुसरे म्हणजे ‘अमरावती जिल्ह्यात विजांसह पाऊस’ या वाक्याचा उपयोग काय? मेळघाटातली धारणीही याच जिल्ह्यात आणि आमचा संत्र्याचा वरुडही. गारपीट कोणत्या शिवारात पडेल हे आधी सांगा, असा हट्ट नाही. तेवढे कोणालाच जमत नाही. पण रडारवर ढग दिसू लागल्यावर तरी पट्टा आखून महसूल मंडळांची, म्हणजे तालुक्यातल्या गावांच्या गटांची, नावे घालता येतील. पीकविम्याला नुकसान मंडळ धरूनच मोजता ना?

येत्या सोयाबीन काढणीपूर्वी जिल्हा प्रशासनाने निदान एका तालुक्यात हे करून पाहावे.

आपला,
एक संत्रा उत्पादक, ता. वरुड, जि. अमरावती