परवान्याविना हज जिवावर बेततो

महोदय,

जून २०२४ मध्ये मक्केत पारा ५१ अंशांच्या वर गेला आणि हजयात्रेत १,३०१ जण दगावले. त्यांपैकी ८३ टक्के लोकांकडे अधिकृत परवाना नव्हता, असे सौदी सरकारने जाहीर केले. परवाना नसलेल्यास मक्केजवळच्या मिनातील वातानुकूलित तंबूंत जागा मिळत नाही, अधिकृत बसमध्येही बसता येत नाही, आणि मिना, अराफात व मुझदलिफा या हजच्या विधींच्या ठिकाणांमधील लांबलचक वाट त्याला पायीच तुडवावी लागते. याचा सारा दोष यात्रेकरूंच्या माथी मारणे मला पटत नाही, कारण भेटीच्या व्हिसावर हज घडवण्याचे आमिष दाखवणारे दलालच मुख्यतः जबाबदार आहेत. इजिप्तने तेव्हा १६ पर्यटन कंपन्यांचे परवाने रद्द केले, ते योग्यच झाले. ऐपत आणि शारीरिक क्षमता असणाऱ्यावरच हज फर्ज (धर्माने बंधनकारक) आहे, हेही हे दलाल (अर्थातच!) सांगत नाहीत. आपल्याकडे हजयात्रेच्या सोडतीत नाव न लागलेले वृद्ध अशा आमिषाला सहज बळी पडू शकतात. म्हणून मान्यताप्राप्त हज कंपन्यांची यादी दरवर्षी नोंदणीपूर्वी मराठी आणि उर्दू वृत्तपत्रांत ठळकपणे छापली जावी, अशी विनंती आहे.

– एक वाचक, मुंबई