क्रोम स्प्रे ग्रिलला लावा, हेडलाइटच्या रिफ्लेक्टरला नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुनी गाडी घरच्या घरी नव्यासारखी करण्यावर लेख आला आहे. त्यातला क्रोम स्प्रेचा परिच्छेद मी पुन्हा पुन्हा वाचला. ग्रिल, दारावरची बीडिंग, आरशांची टोपणं, व्हील कॅप आणि गंजलेला हेडलाइटचा रिफ्लेक्टर, या सगळ्यांवर डब्यातल्या क्रोमचे दोन हात मारले की झालं, असं त्यात लिहिलं आहे. मी कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला गाड्यांचं रंगकाम करतो. या यादीतल्या शेवटच्या वस्तूला माझी ठाम हरकत आहे, कारण तो सल्ला ऐकून कुणी तसं केलं तर रात्री रस्त्यावर माणूस मरू शकतो.

रिफ्लेक्टर शोभेसाठी चमकत नाही. कारखान्यात त्याच्या पृष्ठभागावर आधी अगदी गुळगुळीत थर देतात, मग निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ करून ती त्यावर बसवतात आणि वरून एक पारदर्शक संरक्षक थर देतात. म्हणजे तो खराखुरा आरसा असतो. बल्बचा उजेड कुठे फेकायचा, किती वर जाऊ द्यायचा, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत पोचू नये म्हणून कुठे तोडायचा, हे मुख्यतः रिफ्लेक्टरच्या वाटीच्या आकारावर आणि गुळगुळीतपणावर ठरतं. स्प्रेचा थर कितीही चांगला बसला तरी त्यावर उजेड थोडा तरी विखुरतोच. दिवसा दुकानात पाहिलं तर वाटी लख्ख दिसते. रात्री त्याच वाटीतून रस्त्यावर उजेड कमी पडतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातो. शिवाय हॅलोजन बल्ब साधारण ६०/५५ वॅटचा (हाय बीमला ६०, लो बीमला ५५) असतो. बंद जागेत एवढी उष्णता मिळाली की स्प्रे पिवळा पडतो, सोलतो आणि त्याची वाफ काचेवर आतून धुक्यासारखी चिकटते.

आमच्या जिल्ह्यात गळीत हंगाम सुरू झाला की रात्रभर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या चालतात. त्यांच्या लाइटच्या वाट्या ऊन, धूळ आणि पाण्याने काळवंडलेल्या असतात. हंगामाच्या तोंडावर लोक त्या काढून आणतात, "आतून चांदी मारून द्या" म्हणतात. मी ते काम घेत नाही. त्या गोल सात इंची लाइटचा अख्खा संच बाजारात सहज मिळतो आणि एका हंगामाच्या डिझेलपुढे त्याची किंमत काहीच नाही. ज्यांनी आधीच स्प्रे मारून घेतला असेल त्यांनी अंधार पडल्यावर वाहन सपाट जागेवर भिंतीसमोर उभं करावं आणि लो बीम लावावा. भिंतीवर उजेडाची वरची कड नीट दिसली पाहिजे. कड दिसत नसेल, सगळीकडे पांढरट पसारा असेल, तर तो लाइट बदलायलाच हवा.

आता बाकीच्या वस्तूंबद्दल. तिथे क्रोम स्प्रेचं काम छान होतं, मी स्वतः आनंदाने करतो. पण "दोन हात मारले की झालं" हे तिथेही खरं नाही. लोक महागडा डबा आणतात, ग्रिलवर मारतात, आणि शेवटी पत्र्याच्या कपाटाला असतो तसा चंदेरी रंग पाहून निराश होतात. डबा खोटा नसतो. त्याच्या आधीचं काम झालेलं नसतं.

खऱ्या क्रोमच्या बंपरवर तांबं, निकेल आणि क्रोमियम असे थर विजेच्या साहाय्याने चढवलेले असतात. सगळ्यात वरचं क्रोमियम अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतं. आरशाचा गुळगुळीतपणा खालच्या निकेलचा. क्रोमियम त्याला निळसर झाक देतं आणि काळं पडू देत नाही. डब्यातल्या 'क्रोम'मध्ये बहुतेक वेळा क्रोमियम नसतंच, त्यात ॲल्युमिनियमच्या चकत्या असतात. साध्या सिल्व्हरमध्ये त्या जाड आणि वेड्यावाकड्या असतात. चांगल्या, महाग प्रकारात निर्वात पेटीत फिल्मवर ॲल्युमिनियम चढवून, मग ते सोडवून त्याचे बारीक तुकडे केलेले असतात. त्या चकत्या इतक्या पातळ असतात की खालचा पृष्ठभाग जसा असेल तशा त्याला चिकटून, छपरावरच्या कौलांसारख्या एकावर एक सपाट बसतात. खाली खरखरीत असेल तर त्याही तिरप्या बसणार, आणि तिरप्या बसल्या की उजेड चारी दिशांना जाऊन करडा रंग दिसणार.

म्हणून सगळी मेहनत क्रोमच्या खाली देतात त्या काळ्या रंगाच्या थरावर करायची. वस्तू आधी साबणाच्या पाण्याने आणि मग डीग्रीझरने धुवायची. डॅशबोर्ड पॉलिशमधलं सिलिकॉन जरी राहिलं तरी रंगात डोळे, म्हणजे गोल खड्डे, पडतात. प्लास्टिक असेल तर मागची बाजू पाहायची, तिथे एबीएस किंवा पीपी अशी प्लास्टिकचा प्रकार सांगणारी अक्षरं उठवलेली असतात. एबीएसवर रंग धरतो. पीपीला आधी प्लास्टिकचा खास प्रायमर लागतोच, नाहीतर गाडी धुताना प्रेशरच्या पाण्याने कातडी निघावी तसा थर निघतो. जुन्या क्रोमवर मारायचं असेल तर त्याची चमक ३२० किंवा ४०० नंबरच्या घासपेपरने पूर्ण मारून वर इपॉक्सी प्रायमर द्यायचा. मग पाण्याचा पेपर ६०० पासून चढत्या क्रमाने १०००, १५०० पर्यंत. त्यावर काळा, चकचकीत, हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) घातलेला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग. माझे उस्ताद या काळ्यात आपल्या पापण्यांचे केस मोजता आले पाहिजेत म्हणायचे, आणि तसं दिसल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचे नाहीत. दाणा आला असेल तर २००० ने घासून पॉलिश करायचं आणि पॉलिशचा तेलकटपणा पुन्हा पुसून काढायचा.

काळा पूर्ण सुकणं फार महत्त्वाचं. हाताला कोरडा लागतो म्हणून तो आतून सुकलेला नसतो. मी निदान एक दिवस, पावसाळी हवेत दोन दिवस थांबतो. घाई केली तर क्रोममधलं सॉल्व्हंट खालचा काळा मऊ करतं, चकत्या त्यात बुडतात आणि सगळं काळसर होऊन जातं. कोल्हापूरच्या जुलैमध्ये तर मी हे काम शक्यतो पुढे ढकलतो, कारण दमट हवेत थर पांढुरका पडतो.

क्रोमचा हात अतिशय पातळ द्यायचा. साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, न थांबता, नुसतं धुकं बसावं तसा. पहिल्या हातात काळं दिसत राहतं, तरी पुढचा जाड द्यायचा नाही. थोडं थांबून दुसरा, मग लागला तर तिसरा. हळूहळू आरसा उमलतो आणि त्या क्षणी हात थांबवता येणं हीच कला आहे. त्यानंतर जितकं जास्त मारू तितका तो मंद होत जातो. थंडीत डबा कोमट पाण्यात ठेवावा म्हणजे फवारा बारीक येतो. गॅसजवळ किंवा हीटरजवळ तो कधीही नेऊ नये.

मग येतो क्लिअर लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, आणि इथे लेखाने वाचकांना अर्धवट सोडलं आहे. क्लिअर न मारता क्रोम तसाच ठेवला तर बोटाच्या ठशानेही खराब होतो, गाडीवर टिकत नाही. क्लिअर मारला तर त्यातलं सॉल्व्हंट चकत्या हलवतं आणि चमक थोडी उतरते. हे टाळण्याची जादू कुणाकडे नाही, फक्त कमी करता येतं. क्रोम एक-दोन दिवस सुकू द्यायचा, त्याला हात लावायचा नाही, क्लिअरचे पहिले दोन हात कोरडे, धुरळ्यासारखे द्यायचे आणि मगच ओला हात. तरीही उत्तम काम प्लेटिंगच्या जवळ जातं, बरोबरीला येत नाही. गिऱ्हाइकाला मी हे आधीच सांगतो. सायलेन्सरला तर नाहीच म्हणतो. तिथे उष्णता सहन करणारा ॲल्युमिनियम रंग चालतो, पण तो मंद असतो, आरसा नव्हे.

ज्यांना आरसाच हवा त्यांच्यासाठी चांदीची रीत आहे. १८३५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लिबिग यांनी काचेवर चांदी बसवायला जी क्रिया वापरली, बारावीच्या प्रयोगशाळेत टॉलेन्सच्या चाचणीत परीक्षानळी आतून आरशासारखी होते तीच, दोन नळ्यांच्या गनने वस्तूवर केली जाते. एका नळीतून अमोनियातलं सिल्व्हर नायट्रेट, दुसरीतून चांदी मोकळी करणारं द्रावण, आणि प्रत्येक पायरीला शुद्ध केलेलं पाणी. नळाच्या पाण्याने डाग पडतात. निकाल पाहून डोळे दिपतात, खरंच. पण हे घरी करू नये. अमोनियातलं सिल्व्हर नायट्रेट साठवून ठेवलं तर त्यात स्फोटक संयुग तयार होऊ शकतं. उरलेलं त्याच दिवशी नीट निकामी करावं लागतं.

एक विनंती पद्मिनी, ॲम्बेसेडर, येझदी, बुलेट असं काही जपणाऱ्यांना. प्लेटिंग केलेल्या भागावर गंजाचे ठिपके दिसले की लगेच स्प्रे मारू नका. आधी ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासून पाहा. वरवरचा गंज पुष्कळदा त्यानेच निघतो, आणि त्यानंतर अधूनमधून मेण लावत राहिलं की गंज लवकर परत धरत नाही. तो मूळ थर पुन्हा मिळणं अवघड होत चाललं आहे. प्लेटिंगच्या हौदातलं षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, ते पाण्यात गेलं तर गावाचं पाणी जातं, म्हणून त्या धंद्यावर निर्बंध हवेतच. माझ्या माहितीतले काही प्लेटिंगवाले बंद झाले आहेत. त्यांच्या हातची चमक गाडीवर अजून असेल तर ती कागदाने घासून रंगाखाली गाडू नये, असं मला मनापासून वाटतं.

शेवटी मास्क. लेखातल्या चित्रातल्या तरुणाने तोंडाला रुमाल बांधला होता. हार्डनर घातलेल्या पीयू रंगात आणि क्लिअरमध्ये आयसोसायनेट असतं. भोपाळमध्ये १९८४ साली गळलेला वायू याच कुळातला होता. हार्डनरमधलं रसायन तेवढं उडणारं नाही, पण गनमधून त्याचं धुकं होतं आणि ते फुप्फुसात गेलं तर दमा जडतो. एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या वासानेही छाती भरते आणि माणसाला हा धंदा सोडावा लागतो. माझ्यासोबत शिकलेल्या एका मित्राने तो सोडला. रुमालाने, साध्या कापडी मास्कने किंवा करोनातल्या मास्कने यापासून बचाव होत नाही. बाहेरून नळीने स्वच्छ हवा देणारा मास्क सर्वांत चांगला. घरी करणाऱ्याला तो परवडत नसेल तर त्याने ग्रिल तयार करावी, काळं आणि क्रोम नेमका कोणता हवा ते ठरवावं, आणि हार्डनरचे हात नीट बूथ (रंग मारायची हवा खेचून घेणारी बंद खोली) असलेल्या पेंटरकडून मारून घ्यावेत.

रिफ्लेक्टरबद्दलची दुरुस्ती आणि मास्कबद्दलच्या या चार ओळी आपण त्याच पुरवणीत, लेख जिथे छापला त्याच पानावर द्याव्यात. शक्य झालं तर गळीत हंगाम सुरू होण्याआधी द्याव्यात.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक गाडी पेंटर, कोल्हापूर