भाड्याचे घरही पुरवठ्यात मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राज्याचे नवे गृहनिर्माण धोरण मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केले. ‘माझे घर, माझा अधिकार’ हे त्याचे ब्रीद आणि २०३० पर्यंत ३५ लाख घरे हे उद्दिष्ट. नोकरदार महिला, विद्यार्थी आणि औद्योगिक कामगार यांच्यासाठी भाड्याच्या घरांचा त्यात विचार केला आहे, याचे स्वागत. पण नाशिकपुरते बोलायचे तर अडचण घर मोजण्यापासूनच सुरू होते. विकले जाणारे घर पुरवठ्यात धरले जाते, भाड्याने मिळणारे घर कुठेच धरले जात नाही. अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात कंत्राटावर लागलेल्या मुलाला आज घर विकत घ्यायचेच नाही. त्याला बँक कर्ज देणार नाही आणि पुढच्या वर्षी तो याच कंपनीत असेल याची खात्रीही नाही. त्याला सायकलच्या अंतरावर पाण्याची सोय असलेली एक खोली हवी असते, आणि ती सोडताना अनामत परत मिळायला हवी असते.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील शहरी कुटुंबांपैकी साडेसत्तावीस टक्के कुटुंबे भाड्याने राहत होती. त्याच जनगणनेत शहरांतील एक कोटी दहा लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली. भाडेकरू घर शोधत फिरतो आणि शेजारचा फ्लॅट कुलूप लावून पडलेला असतो, असे का होते? मालकाला विचारले तर तो एकच भीती सांगतो: ‘माणूस आत गेला की निघत नाही.’ ही भीती जुन्या पागडीच्या काळातली आहे. आजच्या कायद्यात तिला फारसा आधार नाही, पण करार ज्या पद्धतीने होतात त्यामुळे ती जिवंत राहिली आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधील कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी राहण्याचा नुसता परवाना देणारा) प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते उलट सिद्ध होईपर्यंत खरे धरले जाते. तरीही शहरात नोटरीच्या शिक्क्यावर घर दिले जाते. ‘अकरा महिन्यांचा करार, नोंदणी लागत नाही’ हे वाक्य एजंटापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळे म्हणतात. त्याचे मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. त्या कायद्याने एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची केली, म्हणून लोक अकरा महिन्यांवर थांबू लागले. महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून ही पळवाट उरलेली नाही, सवय मात्र गेली नाही.

मालक नोंदणी टाळतो तो खर्चाच्या समजुतीने. म्हणून हिशेबच मांडतो. महिना ८,००० रुपये भाडे, ३०,००० रुपये परत करण्याजोगी अनामत आणि मुदत ११ महिने धरा. एकूण भाडे ८८,००० होते. अनामतीवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेले व्याज २,७५० होते. बेरीज ९०,७५०, त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. आता हाच करार ३६ महिन्यांचा करा. भाडे २,८८,००० आणि व्याज ९,००० मिळून २,९७,००० होतात, त्यावर मुद्रांक साडेसातशेच्या आत. नोंदणी फी तीच, १,०००. म्हणजे तीन वर्षांचे काम साधारण साडेसतराशेत होते. अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार केले तर ३,६८० च्या घरात जातात, आणि दरवेळी एजंटाचे पैसे वेगळे. करार ६० महिन्यांपर्यंत करता येतो. दरवर्षीची भाडेवाढ आणि मध्येच घर सोडण्याची एक-दोन महिन्यांची नोटीस करारातच लिहिता येते, त्यामुळे मुदत मोठी ठेवण्यात कोणाचेही नुकसान नाही. ई-नोंदणीसाठी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जावे लागत नाही. आधार, अंगठ्याचे यंत्र आणि कॅमेरा असला की झाले.

इथे एक अडचण मात्र खरी आहे. लेथवर, फाउंड्रीत किंवा बांधकामावर काम करणाऱ्याच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात आणि अंगठा जुळत नाही. दोन-तीन वेळा नाकारला गेला की एजंट म्हणतो, नोटरी करून टाकू. औद्योगिक वसाहतींलगत, म्हणजे अंबड, सातपूर आणि सिन्नर इथे, महिन्यातून ठरावीक दिवशी नोंदणी विभागाने डोळ्यांच्या बुबुळांचे स्कॅनर घेऊन शिबिर भरवले, तर नोटरीचे निम्मे कारण तिथेच संपेल. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणे हे स्वतंत्र काम आहे. ते केले म्हणजे कराराची नोंदणी झाली, असे समजणारेही पुष्कळ आहेत.

‘निघत नाही’ या भीतीचे उत्तर भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम २४ मध्ये आहे. राहण्यासाठी दिलेल्या परवान्याची मुदत संपली आणि घर सोडले नाही, तर मालक दिवाणी कोर्टात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत परवानाधारकाने बचावाची परवानगी मागायची असते. ती मागितली नाही किंवा मिळाली नाही तर ताब्याचा आदेश होतो. मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट शुल्क भरपाई म्हणून देता येते. लेखी करार हा इथे निर्णायक पुरावा मानला जातो, म्हणजे मालकाचे सगळे बळ त्या एका कागदात आहे. भाडेकरूसाठी मात्र अशी सरळ वाट नाही. भिंतीचा रंग उडाला, नळ बदलला, असे सांगून अनामत अडवली तर आठ-दहा हजारांसाठी तो कुठे जाणार? केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे आणि तक्रारीसाठी भाडे प्राधिकरण आहे. जमीन आणि भाडे हे राज्याचे विषय, त्यामुळे तो कायदा आपोआप लागू होत नाही. राज्याने तो जसाच्या तसा घ्यावा असे मी म्हणत नाही. १९९९ च्या कायद्यातील जुन्या भाडेकरूंचे संरक्षण तसेच राहिले पाहिजे. पण अनामतीची मर्यादा आणि ती परत मिळवून देण्याचा अधिकार आहे त्याच सक्षम प्राधिकाऱ्याला देण्यास काय हरकत आहे?

आता नव्या घरांकडे. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महापालिका हद्दीत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर गृहप्रकल्प करताना २० टक्के घरे आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावी लागतात. घराचे क्षेत्र ३० ते ५० चौरस मीटर. नाशिकची लोकसंख्या २०११ मध्येच १४ लाख ८६ हजार होती, त्यामुळे ही अट इथे लागू आहे. महापालिकेने म्हाडाला, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला, कळवायचे आणि म्हाडाने सोडत काढायची, असा क्रम. मार्च २०२२ मध्ये नाशिकच्या याच घरांचा प्रश्न विधान परिषदेत गाजला आणि तत्कालीन आयुक्तांची बदली झाली. त्या गदारोळात ही अट चुकवण्याच्या वाटा बंद करण्याचे मूळ काम मागे पडले.

अट ज्या आकड्यावर बसते, त्याच्या अलीकडे थांबण्याचा मोह होतोच. एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. ३९ गुंठे केले की ३,९४६ होतात आणि अट सुटते. मूळ गट दोन-अडीच एकरांचा असला तरी पोटहिस्से पाडून, कुटुंबातील वेगवेगळ्या नावांवर वेगवेगळे प्रस्ताव दाखल केले की प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे निर्दोष दिसते. म्हणून छाननी करणाऱ्या अभियंत्याने चालू सात-बाऱ्यावर थांबू नये. अट लागू झाली तेव्हा त्या गटाचे क्षेत्र किती होते, ते फेरफार काढून पाहावे. लागून असलेल्या प्रस्तावांना रस्ता, ड्रेनेज आणि मोकळी जागा सामाईक असेल तर ते एकच प्रकल्प धरावेत. हे नुसत्या परिपत्रकाने होऊ शकते.

दुसरी गळती वेळेची. मुख्य इमारतीला भोगवटा दाखला (इमारत वापरण्याची परवानगी) मिळतो, लोक राहायला येतात आणि २० टक्क्यांची इमारत जोत्यावर थांबलेली असते. मोठ्या घरांचा शेवटचा भोगवटा दाखला छोट्या घरांच्या दाखल्याशी बांधून टाकला तर ही गळती थांबेल. आणि या २० टक्क्यांतला काही हिस्सा, समजा एक तृतीयांश, म्हाडाने न विकता स्वतःकडे ठेवून भाड्याने द्यावा. सोडतीत घर लागलेल्यालाही कर्ज उभे करता आले नाही तर तो मागे हटतो. भाड्याच्या घराला तो अडथळा नाही. पंतप्रधान आवास योजनेच्या २०२४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात किफायतशीर भाड्याची घरे हा स्वतंत्र घटक आहेच.

नाशिकमध्ये भाड्याच्या खोल्यांचा खरा पुरवठा मात्र बिल्डरांनी केलेला नाही. तो सिडको या सरकारी महामंडळाने वसवलेल्या सहा योजनांमधल्या रो-हाउसवाल्यांनी केला. खाली मालक, वर एक मजला, बाहेरून लोखंडी जिना आणि वरच्या दोन खोल्यांत कंपनीतली मुले. यातले बरेचसे बांधकाम सामासिक अंतर (इमारतीभोवतीची मोकळी जागा) सोडून झालेले नाही, म्हणून ते कागदावर नाही. जे कागदावर नाही त्याची नोंदणी मालक करत नाही आणि भाडेकरूला पत्त्याचा पुरावा मिळत नाही. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत (युनिफाइड डीसीपीआर) १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर, वास्तुविशारदाच्या सहीचे नकाशे जोडून, स्वयंघोषणेवर बांधकाम करण्याची सोय आहे. सिडकोतल्या कितीतरी भूखंडांना ती लागू पडते, पण लोकांना तिची माहिती नाही. वरचा मजला भाड्याने देणाऱ्यांसाठी महापालिकेने दोन-तीन नमुना नकाशे तयार करून ठेवावेत: आरसीसी जिना, स्वतंत्र शौचालय, दीड मीटरचा निर्गमन मार्ग. जुने खांब वरच्या मजल्याचे वजन घेतात का, हा दाखला मात्र सक्तीचाच हवा. लोखंडी जिना गंजून निखळणे आणि वरच्या टाकीच्या वजनाने स्लॅबला भेगा जाणे, ही दोन दुखणी अशा घरांत नेहमीची आहेत.

घरपट्टीचेही तसेच. महापालिका कायद्यात कर वार्षिक भाडेमूल्यावर आहे, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजावट मिळते. जिथे भाडेकरू दाखवला की बिल चढते, तिथे मालक भाडेकरू लपवतो. नोंदणीकृत करार असलेल्या ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला मालक स्वतः राहतो त्याच दराने घरपट्टी लावावी.

शेवटचा मुद्दा तारखेचा आहे. नाशिकची सुधारित विकास योजना जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाली, म्हणजे २०२७ च्या सुरुवातीला तिला दहा वर्षे होतात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे त्यानंतर संपादन न झालेल्या आरक्षित जागेचा मालक नोटीस देऊ शकतो, आणि २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. त्याच वर्षी सिंहस्थ आहे. सगळी यंत्रणा गोदाकाठी गुंतलेली असणार. अशा वेळी घरांसाठी राखलेल्या जागा हातातून जायला वेळ लागणार नाही. मखमलाबाद-हनुमानवाडीची नगररचना योजना (जमिनी एकत्र करून, विकसित केलेला काही भाग मालकांना परत देण्याची) शेतकऱ्यांच्या विरोधात अडकल्याने मोठ्या प्रमाणावर जमीन मिळण्याचा तो मार्गही बंद झाल्यासारखाच आहे. प्रत्येक जागेसाठी रोख मोबदला द्यायला महापालिकेकडे पैसा नाही. म्हणून समावेशक आरक्षण (मालकाने आरक्षणाचा भाग बांधून द्यायचा आणि उरलेली जागा स्वतः विकसित करायची) आणि टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) यांचे प्रस्ताव मालकांसमोर आत्ताच ठेवावे लागतील. नगररचना विभागाने गृहनिर्माणाच्या आरक्षणांची यादी गट क्रमांक, क्षेत्र आणि संपादनाच्या स्थितीसह पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको आणि सातपूर या सहाही विभागीय कार्यालयांच्या फलकावर लावावी आणि दर तीन महिन्यांनी ती अद्ययावत करावी.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक