श्मिट यांच्या कवितेपर्यंत मला नेणाऱ्या मडगावच्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर प्रणाम.

ऑगुस्तो फ्रेदेरिको श्मिट या ब्राझिलियन कवीवरचा माझा लेख अखेर पूर्ण झाला आहे. लेखाखाली आपले नाव छापण्याची परवानगी मी मागितली, तेव्हा 'मी असे काय मोठे केले' म्हणून आपण ती नाकारलीत. आपल्या इच्छेचा मान राखून नाव गाळले आहे. परंतु आभार मनातल्या मनात ठेवणे मला जमणारे नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

आपल्यापर्यंत पोहोचण्याआधी मी बरेच उंबरे झिजवले होते. एका विद्यापीठाच्या भाषा विभागाने माझ्या पत्रांची साधी पोचही दिली नाही. कवितांच्या झेरॉक्स देतो म्हणालेल्या एका अभ्यासकांनी नंतर फोन उचलणेच बंद केले. एका संपादकांनी तर 'व्यापारी माणूस, त्यात राष्ट्राध्यक्षांचा सल्लागार, तो कवी कसला?' असे म्हणून विषयच झटकून टाकला. नकाराचे मला वाईट वाटत नाही. ज्याच्या चार ओळीही वाचलेल्या नाहीत, त्याचा निकाल लावून मोकळे होण्याचा तो उतावीळपणा मात्र अजून सलतो.

आपण पाठवलेल्या जाड लिफाफ्यात कवितांची पाने होती आणि पोर्तुगीज ओळींखाली पेन्सिलीने बारीक अक्षरांत देवनागरीत लिहिलेले उच्चारही होते. पण या सगळ्याच्या तळाशी एक दुसरा, रिकामा लिफाफा होता. त्यावर आपण स्वतःच्या हाताने आपला पत्ता लिहिला होता, तिकीट लावले होते, आणि सोबतच्या चिठोऱ्यावर एवढेच होते: 'शंका येतीलच. यातून पाठवा. संकोच करू नका.' मी काही मागण्याआधीच माझी पुढची अडचण आपण ओळखली होती. तो लिफाफा हातात घेऊन मी किती वेळ बसले होते, ते सांगता येणार नाही.

पुढे श्मिट यांचे चरित्र वाचताना मला याच स्वभावाची खूण सापडली, आणि लेखाचा कणा तिथेच मिळाला. १९२९ आणि १९३० साली अलागोआस राज्यातल्या पाल्मेरा दोस इंदियोस या लहानशा गावाच्या नगराध्यक्षाने गव्हर्नरांना वार्षिक अहवाल सादर केले. जमाखर्चाचे रूक्ष कागद. पण त्यांपैकी एकात नवे स्मशान बांधता आले नाही याचे कारण देताना त्याने लिहिले होते की, जिवंत माणसांची कामे आधी करावी लागली, मेलेले आणखी थोडे दिवस थांबतील, कारण तक्रार न करणारे नागरिक तेवढेच आहेत. हे अहवाल रिओ द जानेरोत प्रकाशनाच्या व्यवसायात असलेल्या श्मिट यांच्या वाचनात आले. असे लिहिणाऱ्या माणसाच्या खणात एखादी कादंबरी नक्की असणार, हे त्यांनी ताडले आणि आपण होऊन तशी विचारणा केली. कादंबरी खरोखरच होती. ती छापून यायला १९३३ साल उजाडले, पण 'काएतेस' आली आणि त्या नगराध्यक्षाचे, ग्रासिलियानो रामोस हे नाव ब्राझीलच्या साहित्यात कायमचे रुजले. सरकारी अहवालातही लेखक दिसावा, अशी नजर किती प्रकाशकांपाशी असते?

श्मिट यांची प्रकाशनसंस्था फार वर्षे चालली नाही. परंतु तिने काय काय छापले ते पाहिले की थक्क व्हायला होते. जोर्जे अमादो यांची पहिली कादंबरी १९३१ साली, विनिसियुस दि मोराइस यांचा पहिला कवितासंग्रह १९३३ साली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जिल्बेर्तो फ्रेरे यांचा 'काझा ग्रांदे ई सेन्झाला' हा ब्राझिलियन समाजाच्या घडणीवरचा ग्रंथ. त्या वेळी यांतले बहुतेकजण विशी-तिशीतले, फारसे नाव नसलेले होते, आणि छापणारा स्वतःही १९०६ सालचा, म्हणजे त्यांच्याच पिढीचा.

आणि कवी म्हणून? १९२२च्या साव पावलोतल्या आधुनिक कला सप्ताहानंतर ब्राझिलियन कवितेत देशी रंग, देशी बोली आणि विनोद यांना उधाण आले असताना, १९२८ साली आपल्या पहिल्याच संग्रहात या तरुणाने सांगितले की आता मला ब्राझील नको, भूगोल नको, चित्रमयता नको. त्याला रात्र, समुद्र, मृत्यू, हरवलेली प्रिया आणि ईश्वर यांच्याविषयी बोलायचे होते, तेही स्तोत्रासारख्या लांब, पुन्हा पुन्हा फिरून येणाऱ्या ओळींत. त्या ओळींची लय केवळ अर्थ समजून कळत नाही. आपण श्वास कुठे घ्यायचा त्या खुणा केल्या होत्या, म्हणून ती माझ्या कानात उतरली.

त्यांच्या मुत्सद्देगिरीवर माझ्या लेखात थोडेच आहे. १९५८च्या मे महिन्यात व्हेनेझुएलाच्या राजधानीत, काराकासमध्ये, अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या मोटारीवर जमाव चालून गेला, त्यानंतर काहीच दिवसांत ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष जुसेलिनो कुबिचेक यांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना पत्र पाठवून 'ऑपरेशन पॅन-अमेरिकाना' सुरू केले. त्यामागचा मुख्य विचार श्मिट यांचा: लॅटिन अमेरिकेचे दारिद्र्य हाच खरा प्रश्न आहे, आणि अमेरिका खंडातल्या सगळ्या राष्ट्रांनी मिळून तो हाती घेतला पाहिजे. १९५९ साली आंतर-अमेरिकी विकास बँक स्थापन झाली, तिच्या मागे या मोहिमेचा रेटा होता. ब्राझीलमधल्या १९६४च्या लष्करी उठावाला त्यांनी दिलेला पाठिंबा मला पटत नाही, आणि तसे मी लेखात स्पष्ट लिहिले आहे. 'आवडत्या माणसाचे न आवडणारे वागणे झाकू नका,' असे आपणच मला कळवले होते.

सज्जनपणाचा गाजावाजा होत नाही, हे खरे. पण एखाद्या अनोळखी माणसाला स्वतःहून 'तुमच्याकडे आणखी काय आहे?' किंवा 'तुमचे कुठे अडले आहे?' असे विचारणारी माणसे आहेत, म्हणून आडगावातला नगराध्यक्ष कादंबरीकार होतो आणि माझ्यासारखीला परक्या भाषेतला कवी वाचता येतो. आपण माझ्यावर केलेल्या उपकारांची परतफेड मला करता येणार नाही, आणि ती आपल्याला नकोच आहे, हेही मी जाणते.

अंक छापून आला की प्रत पाठवीन. १९३४च्या 'कांतो दा नोइते' या संग्रहातल्या दोन कवितांविषयीच्या शंका अजून शिल्लक आहेत, त्या पुढच्या आठवड्यात टपालाने पाठवते. तब्येतीला जपावे.

आपली ऋणी,
एक वाचक